शर्टाची शेपटी

१९ फेब्रुवारी

हेटी आज बारा वर्षांची झाली. केक कापायच्या आधीच म्हणाली, "पप्पा, आता टर्की."

तिची आई रोझलिन सांगून गेली होती, बारा पूर्ण झाली की मार्चात तुला रानातल्या टर्की पक्ष्यांच्या शिकारीला नेईन. नेणार होती ती स्वतः. ती गेली आणि वचन माझ्या डोक्यावर ठेवून गेली. रोझलिनची सगळी कामं अशीच, अर्धी शिवून टाकलेली. दोन वर्षं झाली, तरी मीच टाके घालतोय.

मी जन्मात बंदूक धरलेली नाही. आमच्याकडे ओहायोत बाबा उंदीरसुद्धा पिंजऱ्यात धरून शेजाऱ्याच्या आवारात सोडायचे. अलाबामात येऊन मला सोळा वर्षं झाली. गालिचे आणि फरश्या बसवत निम्म्या गावाच्या घरांतून गुडघ्यांवर रांगलो. पण मार्च आला की पुरुषमाणसं मला बघून विषय बदलतात. टर्की हा इथला धर्म आहे आणि मला कोणी बाटवूनसुद्धा घेत नाही.

"मॅक्सीन मावशी नेईल की," हेटी म्हणाली.

मॅक्सीन ही रोझलिनची थोरली बहीण. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा तिचा धंदा. दोन नवरे सोडले, सिगरेट काही सुटत नाही. रोझलिनला पुरलं त्या दिवशी सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, "वॉरेन, तू रडतोस तेसुद्धा कोण बघतंय ते बघून." हे मी विसरलेलो नाही. माझी मुलगी तिच्याबरोबर जंगलात जाणार नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठी चांगला वजनदार माणूस शोधतो." हेटी टेबलावरून उठली. मेणबत्त्या मग मीच विझवल्या.

२६ फेब्रुवारी

चर्चमधल्या तिघांना विचारून झालं. एकाची पाठ धरलीय. दुसरा म्हणाला, "वॉरेन, माझी बायको माग, विचार करीन. माझा टर्कीचा नर कुठल्या झाडावर झोपतो ते विचारू नकोस." तिसरा म्हणाला, "रोझलिनची पोरगी ना? मग तिनंच मला शिकवावं," आणि गाडीत बसून निघून गेला.

पण आज देव पावला. मिस्टर हॉयट ब्रँटली स्वतः दुकानात आले. ओल्ड फेरी ह्या शिकारी क्लबचे अध्यक्ष. नदीकाठचं सगळं रान त्या क्लबचं. बापाची जागा मुलाला मिळते, बाहेरच्याला आत घेत नाहीत. क्लबच्या बैठ्या घराला नवी फरशी हवी होती. नमुने दाखवता दाखवता मी हेटीचा विषय काढला.

"रोझलिनची पोर," ते म्हणाले. हातातला नमुना त्यांनी खाली ठेवला. "बाराची झाली? आणि न्यायला कोणी नाही?"

"नाही सर."

"मी नेतो तिला. लहान मुलांसाठी मोसमाआधीचा शनिवार असतो ना, त्या दिवशी."

सत्तरीतला माणूस, सगळा जिल्हा त्यांना वाकून असतो, आणि माझ्या मुलीसाठी वेळ काढतो. मी म्हटलं, फरशी मी स्वतः बसवून देतो, मजुरी नको. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मोठी माणसं समोरच्याचा मान ठेवतात.

२ मार्च

दिवसभर क्लबात फरशी बसवली. गुडघे बोलताहेत. पण ती भिंत बघायला मिळाली.

छतापासून खालपर्यंत शर्टांच्या शेपट्या ठोकल्यात. शेपटी म्हणजे शर्टाचा मागचा भाग, आपण पँटीत खोचतो तो. टर्कीवर झाडलेली गोळी चुकली की जागच्या जागी ती कापायची, नाव-तारीख लिहायची आणि भिंतीवर ठोकायची, असा रिवाज. काही तुकडे इतके जुने की रंग ओळखू येत नाही. मिस्टर हॉयट यांच्या वडिलांचा आहे, न्यायाधीशाचा आहे, पाद्रीबाबांचासुद्धा आहे.

"ह्या भिंतीवर गेलेलं खाली येत नाही, ओहायो," मिस्टर हॉयट म्हणाले. आता सगळे मला प्रेमानं ओहायो म्हणतात. "माझं घर जळालं तरी चालेल. ही भिंत जळता कामा नये."

मी विचारलं, रोझलिनची आहे का ह्यात?

त्यांचा जावई ट्रेंट हसायला लागला. त्यानं गोष्ट सांगितली. मिस्टर हॉयट तीन मोसम एका नराच्या मागे होते. एका सकाळी तो त्यांच्या पुढ्यात येता येता थबकला आणि वळला. कुंपणापलीकडे मॅक्सीनच्या जमिनीत रोझलिन बसली होती. तिनं हाक घालायच्या आपल्या लाकडी पेटीवर मादीची हाक अशी काढली की नर कुंपण ओलांडून तिच्याकडे गेला. तिनं तो मारला, गाडीच्या टपावर बांधला आणि मिस्टर हॉयट नाश्ता करत होते त्या खाणावळीसमोर गाडी लावली.

"तिची शेपटी नाही इथे," मिस्टर हॉयट म्हणाले. "ती कधी चुकली नाही." तेही हसत होते. दिलदार माणूस. दुसरा असता तर डूख धरून बसला असता.

९ मार्च

हेटी रोज शाळेतून आली की परसात बसून आईच्या पेटीवर सराव करते. हातात मावेल एवढी सीडरच्या लाकडाची पेटी, तिचं झाकण कडेवर घासलं की टर्कीची मादी बोलल्यासारखा आवाज येतो. हुबेहूब रोझलिनसारखं काढते. मला ऐकवत नाही. मी दुकानात जाऊन बसतो.

आज मिस्टर हॉयट शिकवायला आले. टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र असलेला कागद झाडाला लावला. हेटीनं आईच्या बंदुकीनं एकच गोळी झाडली. छर्ऱ्यांनी मानेची चाळण झाली. त्यांनी कागद उतरवून घेतला. मग म्हणाले, "कागद काय, कोणीही मारतो."

ते गेल्यावर हेटी म्हणाली, "पप्पा, त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. मी काही विचारलं की ते आईबद्दल विचारतात. ती आजारपणात किती बारीक झाली होती, केस गेले होते का, असं."

"काळजी असते माणसाला," मी म्हटलं.

"मला मावशीबरोबर जायचंय."

इतकी कृतघ्न पोर. मी तिला चांगलं खडसावलं. म्हटलं, जिल्ह्यातली निम्मी मुलं ह्या माणसाबरोबर जायला एका पायावर तयार होतील. तू तोंड वाकडं केलंस तर माझी मान खाली जाईल.

"येस सर," ती म्हणाली.

१३ मार्च

ट्रेंटनं क्लबात बोलावलं. मिस्टर हॉयट आधीच येऊन बसले होते. दार लावून घेतलं आणि बेत सांगितला. बेत म्हणजे गंमत.

भुसा भरलेली एक जुनी टर्की क्लबात आहे. ती पहाटेच्या अंधुक उजेडात रानाच्या कडेला उभी करून ठेवायची. हेटी तिच्यावर गोळी झाडणार, आणि ती पडणार नाही. कशी पडेल? हेटीच्या काडतुसांतले छर्रे आधीच काढलेले असणार. मग झुडपांतून सगळे बाहेर यायचे. हसायचं, शेपटी कापायची, नाश्ता करायचा. ट्रेंटनं माझ्या हातात तीन काडतुसं ठेवली. फक्त बार, आत छर्रे नाहीत. घरची काडतुसं काढून ही ठेवायची, एवढंच माझं काम.

मनात पाल चुकचुकली, नाही म्हणत नाही. म्हटलं, पोर दोन वर्षं ह्या दिवसाची वाट बघतेय.

"माझ्या आजोबांनी मला असंच फसवलं होतं," मिस्टर हॉयट म्हणाले. "जो हसला तो आपला. जो रडला त्याची इथे जागा नाही. बाकी ओहायो, जागेवरून आठवलं, क्लबात एक जागा मोकळी होतेय. तुझं नाव सुचवावं म्हणतोय."

परतताना गाडीत मी मोठ्यानं गात होतो, असं शेजारीण म्हणाली. सोळा वर्षं. कोणाला सांगून कळणार नाही.

१५ मार्च

काडतुसं बदलली.

हेटीनं उद्यासाठी कपडे काढून ठेवलेत. आईचा हिरवा-तपकिरी चौकड्यांचा शर्ट. रोझलिन मोसमभर तोच घालायची. ती गेल्यापासून हेटीनं तो धुतला नाही, धुऊ दिला नाही, पिशवीत बांधून ठेवला होता. बाह्या चार वेळा दुमडाव्या लागल्या.

दुसरा घाल म्हणावं असं मनात आलं. पण मग ती विचारणार, का? आणि गमतीचा विचका होणार. बोललो नाही.

१६ मार्च, शनिवार

लिहितोच सगळं.

गाडीत तिनं काडतुसं हातात घेऊन तोलून बघितली. "हलकी लागतात पप्पा." मी म्हटलं, नवीन जातीची आहेत.

ती ओकच्या बुंध्याला टेकून बसली, मिस्टर हॉयट तिच्या खांद्याशी, मी मागच्या झाडाला. उजाडत होतं. तिनं पेटीवर एकदाच हाक घातली, आणि दूर खालच्या पाणथळीतून नरानं उत्तर दिलं. खऱ्या नरानं. असं काही बेतात नव्हतं. तिनं पुन्हा हाक घातली. तो जवळून बोलला. हेटीनं वळून माझ्याकडे बघितलं. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

मिस्टर हॉयट यांचा चेहरा मात्र उतरला. ते तिच्या कानाशी म्हणाले, "तो सोड. समोर बघ. तिथे उभाय दुसरा."

"तो हलत नाहीये सर."

"शहाणा नर हलत नसतो. मार."

"आई म्हणायची, मान हलेपर्यंत..."

"तुझी आई आहे का इथे? मार म्हणतो ना."

तिनं झाडली. टर्की उभीच. पुन्हा झाडली. उभीच. "मिस्टर हॉयट, मी सगळं नीट केलं," ती म्हणाली. "तिसरं घाल," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी काडतूस तिच्या हातून खाली पडलं, तिनं ते मातीतून चाचपून घेतलं. तिसरी झाडली आणि मग झुडपांतून सगळे बाहेर आले, फोन धरून, हसून हसून पोटं दाबत. ट्रेंटनं टर्की मानेला धरून उचलली. पोटातून भुसा गळत होता.

हेटी हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मीही हसत होतो. सगळेच हसत होते, मी एकटा काय तोंड पाडून बसणार?

मिस्टर हॉयट यांनी चाकू उघडला आणि मूठ माझ्याकडे केली. "हा मान बापाचा."

"पप्पा, हा आईचा आहे," हेटी हळूच म्हणाली. "माझं जाकीट कापा. आतला बनियन कापा. सगळा कापा. हा नको."

मी मिस्टर हॉयट यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "ज्यात चुकलीस तोच. नियम म्हणजे नियम."

मी कापला. कापड जुनं होतं, चाकू फारसा लावावाच लागला नाही, फाटतच गेलं. ती रडली नाही. मला अभिमान वाटला, कारण सगळे बघत होते.

क्लबात बिस्किटं आणि सॉसेज होतं. मिस्टर हॉयट यांनी तुकड्यावर स्वतः लिहिलं. हेटीचं नाव नाही, नुसतं "रोझलिन", आणि तारीख. खिळा ठोकून मागे सरले आणि म्हणाले, "आली बाई एकदाची भिंतीवर." लोक टाळ्या पिटत होते. रोझलिनची इतकी आठवण काढतात अजून, मला बरं वाटलं.

हेटीनं काही खाल्लं नाही. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून गाडीत जाऊन बसली.

१८ मार्च

रुसवा चालू आहे. शाळेतून आली की खोलीत. आता प्रत्येक वाक्याला सर लावते. येस सर, नो सर. मिस्टर हॉयट यांच्या सहवासाचा एवढा तरी फायदा, वळण लागलं.

आज एकच मागितलं. "तो तुकडा परत आणा. मी शिवून टाकीन. मग मी कधीच काही मागणार नाही."

म्हटलं, बघतो.

२३ मार्च

विचारायलाच गेलो होतो. पण मिस्टर हॉयट मुळीच मोकळे नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मोसम संपल्याच्या जेवणात तुझ्या जागेचं जाहीर करू. अशा वेळी चिंधीचा विषय कुठे काढणार? हात दाखवून अवलक्षण.

घरी येऊन सांगितलं, "हेटी, भिंतीवर गेलेलं खाली येत नाही. तो मान असतो."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "काडतुसं कोणी बदलली, सर?"

"ट्रेंटनं."

"ट्रेंट आपल्या घरी कधी आलाय?"

मी म्हटलं, अशा गोष्टी उगाळत बसू नये. ती "येस सर" म्हणाली आणि आपलं ताट घासून ठेवलं.

३० मार्च

मॅक्सीन ओढगाडी घेऊन दारात. उतरलीसुद्धा नाही, खिडकीतूनच म्हणाली, "पोरीला घ्यायला आलेय. शनिवार-रविवार माझ्याकडे."

"मला विचारलंस?"

"विचारते ना. अरे वॉरेन, माझ्या बहिणीचा शर्ट फाडताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का रे?"

"गंमत होती ती. तुला गंमत कळत नाही."

"कळते की. तुझ्याशी रोझलिननं लग्न केलं तेव्हापासून हसतेय." तिनं सिगरेट माझ्या फुलझाडांत टाकली. "ते तुला दारातल्या पायपुसण्याइतकी किंमत देतात. आणि तेसुद्धा तूच फुकट बसवून दिलंस."

नाकाला मिरच्या झोंबल्या नाहीत असं खोटं कशाला बोलू, झोंबल्याच. हेटी पाठीवर बंदूक अडकवून माझ्या शेजारून गेली. अडवलं नाही. अडवलं असतं तर मॅक्सीननं गल्ली गोळा केली असती.

१५ एप्रिल

दुकानात गिऱ्हाइकानं माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, कशाबद्दल? हेटीनं शनिवारी नर मारला म्हणे, मॅक्सीनच्या कुंपणाशी, क्लबच्या रानातून हाक घालून बाहेर काढला. मोठा. त्या दिवशी पाणथळीतून बोलत होता तोच, असं लोक म्हणतात.

मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. जेवताना विचारलं, "मांस वगैरे उरलं का?"

"नो सर. मावशीकडे संपलं."

"नराच्या छातीवरची ती केसांची दाढी तरी दाखव. जपून ठेवतात ना ती?"

"आईकडे ठेवून आले."

दफनभूमीत, म्हणजे. मी म्हटलं, छान. माझ्यासाठी थांबायचं तरी होतंस. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. दुकानात अनोळखी माणूस शिरला की आपण बघतो तसं. मुलं विसरतात. वेळ द्यावा लागतो.

४ मे, शनिवार

क्लबाचं जेवण दुपारी होतं. अंघोळ करून कपाट उघडलं. सगळे शर्ट इस्त्री करून रांगेत लावलेले. बरं वाटलं, पोर निवळली. पांढरा चढवला तर पाठीला वारा लागला. मागची शेपटी नाही. दुसरा बघितला, तोही तसाच. एकूण एक. लग्नातला, अंत्यविधीतला, दुकानातले सगळे, रोझलिनच्या शिवणाच्या कात्रीनं सरळ रेषेत कापलेले.

तुकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर होते. नीट ठोकलेले. प्रत्येकावर "वॉरेन, १६ मार्च".

हेटी कालपासून मॅक्सीनकडे आहे. खोलीत डोकावलो. पेटी नेलीय, उशी नेलीय, मांजरही नेलंय. दोन दिवसांसाठी मांजर कशाला न्यायचं ते मला कळेना. पण उशीर होत होता. निळा शर्ट पँटीत खोल खोचला, पट्टा आवळला. खोचला की कोणाला कळत नाही.

जेवण झाल्यावर मिस्टर हॉयट उठले. "ओहायोनं आपल्याला फरशी दिली. मी त्याला सांगितलं होतं, एक जागा मोकळी आहे. ओहायो, अरे इथली जागा माणूस मेल्याशिवाय मोकळी होत नाही, आणि आम्ही सगळे ठणठणीत आहोत." सगळं घर हसलं. कोणीतरी माझ्या नव्या फरशीवर पाय आपटले.

मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. जो हसला तो आपला, हे मला ठाऊक होतं. हसता हसता वाकलो आणि शर्ट मागून बाहेर आला.

ट्रेंटनं बघितलं. "अरे, ह्याची तर कोणी आधीच कापलीय."

हसणं थांबलं. मिस्टर हॉयट माझ्याभोवती फिरून मागे आले, कापलेली कड त्यांनी दोन बोटांत धरली. "ओहायो, तू तर कधी शिकारीला गेला नाहीस. कशावर नेम चुकला तुझा?"

माझ्या समोरच भिंतीवर रोझलिनचा तुकडा होता. सगळे वाट बघत होते.

"टर्कीवर," मी म्हटलं.

पुन्हा सगळे हसले. मीही.

घरी येऊन मॅक्सीनकडे फोन केला. हेटीनं घेतला. कधी येतेस, विचारलं. "शाळेची बस इथूनही जाते, सर," ती म्हणाली. मांजराला काय घालतेस, विचारलं. तेही तिनं नीट सांगितलं.

मग भिंत साफ करायला हातोडी घेतली. पहिल्या तुकड्याचा खिळा अर्धा उपसला आणि थांबलो. भिंतीवर गेलेलं खाली येत नाही, हे तिला मीच सांगितलं होतं. खिळा परत ठोकून टाकला.